जुन्या गाडीची व्हायवा

आपल्या होस्टेलवर सेकंडहँड गाडी कशी घेतली जाते ते तुम्हाला सांगायला नको. फायनल इयरचा कोणीतरी पास आउट होऊन निघतो, मेसच्या दारात गाडी उभी करतो आणि म्हणतो, "अठरा हजार, फायनल!" आपण टाकीचं पॉलिश बघतो, अॅव्हरेज विचारतो, गेटपर्यंत एक चक्कर मारतो आणि सोबतच्या मित्राला विचारतो, "कशी वाटते रे?" मित्र म्हणतो, "मस्त आहे, घेऊन टाक." झाला व्यवहार!

२००८ साली, आम्ही टी.ई.ला असताना, माझ्या रूम पार्टनरनं अशीच एक गाडी घेतली. "मस्त आहे" म्हणणारा मित्र मी होतो. जुलैमध्ये घाटातल्या एका ओल्या वळणावर ती गाडी मागच्या चाकावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं, रॉड बसला, सबमिशन बुडाली, वर्ष गेलं. नंतर वॉर्डनच्या ऑफिसमागे पडलेली ती गाडी मी पहिल्यांदा नीट बघितली. मागचा टायर मधोमध गुळगुळीत होता. तो घेतानाही तसाच असणार, पण आम्ही दोघांनी खाली वाकून बघितलंच नव्हतं. मशीन डिझाइनला डिस्टिंक्शन मिळवणारे आम्ही दोघं!

हा लेख एका वेगळ्याच गाडीबद्दल आहे, पण तो लिहावासा वाटला तो या टायरमुळे.

गाडी कोणती?

बी.ई. नंतर मी एम.एस.साठी अमेरिकेत गेलो आणि पुढे टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल गावी नोकरीला लागलो. तिथून साधारण तासाभराच्या अंतरावर डील्स गॅप नावाची खिंड आहे. तिथल्या रस्त्याला 'टेल ऑफ द ड्रॅगन' म्हणतात, म्हणजे ड्रॅगनचं शेपूट. ११ मैलांत ३१८ वळणं! पलीकडे नॉर्थ कॅरोलायनात शिरलं की डोंगरमाथ्यावरून जाणारा ४६९ मैलांचा ब्लू रिज पार्कवे. आपल्या सह्याद्रीतल्या घाटांवर वाढलेल्या माणसाला तिथे गप्प बसवणं अवघडच.

अशा रस्त्यांसाठी 'स्पोर्ट टूरिंग' हा मोटरसायकलचा खास प्रकार आहे. रेसिंगच्या गाडीवर दोन तासांत मनगटं आणि कंबर बोलायला लागतात. निव्वळ टूरिंगची अवजड गाडी वळणात आळशी वाटते. स्पोर्ट टूरर दोन्हीच्या मधली. वारा अडवणारं फेअरिंग, सामानाच्या पेट्या, मोठी टाकी, शिवाय वळणात झुकायची तयारी. नवी घ्यायची तर किंमत ऐकूनच घाम फुटतो, पण १५-२० वर्षं जुनी असेल तर नोकरीत नवीन असलेल्या माणसालाही परवडते.

मी ठरवली होती होंडाची एसटी ११००. ही गाडी १९९० मध्ये युरोपात 'पॅन युरोपियन' या नावानं आली, अमेरिकेत १९९१चं मॉडेल म्हणून आली आणि २००२ पर्यंत बनत राहिली. लांब पल्ल्याचे युरोपियन रायडर डोळ्यांसमोर ठेवून केलेली, पण बनायची जपानमध्ये. म्हणजे अमेरिकेतसुद्धा ती 'इम्पोर्टेड'च!

मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडी माहिती. इंजिन व्ही-४, दोन बाजूंमधला कोन ९० अंश, क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेनं. बोअर ७३ मिलिमीटर, स्ट्रोक ६४.८. करा गुणाकार आणि चारानं गुणा, उत्तर १०८४ सीसीच्या जवळ येतं का बघा. पाण्यानं थंड होणारं इंजिन, चार कार्ब्युरेटर, पाच गिअर. मागच्या चाकाला चेन नाही, शाफ्ट आहे. म्हणजे चेन ताणणं आणि तेल घालणं ही रोजची कटकट नाही. पेट्रोलची टाकी २८ लिटरची आणि ती सीटच्या खाली! नेहमीच्या टाकीच्या जागी दिसतं ते नुसतं झाकण. कारण सोपं आहे. टाकी भरल्यावर गाडीचं वजन ३०० किलोच्या वर जातं. एवढ्या वजनातले पेट्रोलचे वीसेक किलो जितके खाली ठेवता येतील तितका गुरुत्वमध्य खाली येतो. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सचा पहिला धडा, विकायला ठेवलेला.

एक्स्टर्नल एक्झामिनर

माझ्या ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीनं मला त्या भागातल्या जुन्या स्पोर्ट टूरर बाळगणाऱ्यांचा ग्रुप कळला. दर महिन्याला एका शनिवारी सकाळी ते एका साध्या हॉटेलात नाश्त्याला जमायचे. मी गाडी नसताना, बसनं आणि पायी तिथे पोहोचलो. वाटलं होतं, लेदर जॅकेटवाले दांडगे लोक असतील. बघतो तर शाळेतले मास्तर, एक नर्स, एक ट्रक ड्रायव्हर आणि बरेचसे पेन्शनर! मी फक्त एवढंच म्हणालो, "मला एसटी घ्यायची आहे, काय बघू?" त्यानंतर दोन तास मला बोलायची संधी मिळाली नाही.

त्यातले एक ६८ वर्षांचे निवृत्त मशिनिस्ट. म्हणाले, गाडी बघायला जाशील तेव्हा मला ने, मला शनिवारी काही काम नसतं. मनातल्या मनात मी त्यांचं नाव 'एक्स्टर्नल' ठेवलं. तुम्हाला लवकरच कळेल का ते.

पहिली गाडी १९९३ची. लाल रंग, आरशासारखी चकचकीत, मीटरवर फक्त १९ हजार मैल. किंमत २४०० डॉलर. माझा हात खिशाकडे गेलाच होता. एक्स्टर्नलनी खिशातून बॅटरी काढली, आपली टॉर्च हो, आणि ते सरळ जमिनीवर आडवे झाले. वीस मिनिटांत त्या लाल परीचा निकाल लागला. कसा, ते पुढे सांगतो, कारण हीच खरी शिकण्याची गोष्ट आहे आणि ती तुमच्या १५० सीसीलाही लागू आहे.

व्हायवाचे प्रश्न

प्रश्न १. तू कोण? आधी कागद, मग गाडी. फ्रेमवर कोरलेला नंबर कागदावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. अमेरिकेत १९८१पासून हा नंबर १७ अक्षरांचा असतो आणि तो वाचता येतो. पहिलं अक्षर 'जे' म्हणजे जपान. दहावं अक्षर मॉडेलचं साल सांगतं: १९९३ साठी 'पी', १९९७ साठी 'व्ही'. विकणारा एक साल सांगतो आणि नंबर दुसरं, तर चहा न पिता उठायचं. मालकीच्या कागदाला तिथे 'टायटल' म्हणतात. त्यावर कर्जाचा बोजा आहे का आणि अपघातात निकाली काढलेल्या गाडीचा शिक्का आहे का, तेही बघायचं.

प्रश्न २. तू गार आहेस का? गाडी बघायला जाण्याआधी सांगून ठेवायचं की इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर हात जपून इंजिनाजवळ न्यायचा. गरम लागलं तर समजायचं की सुरू व्हायला त्रास देणारी गाडी मालकानं आधीच तापवून ठेवली आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचं खरं रूप गारठलेल्या सकाळीच दिसतं.

प्रश्न ३. तुझे बूट किती जुने? हा माझ्या जिव्हारी लागलेला प्रश्न. प्रत्येक टायरच्या बाजूवर आकड्यांची एक लहान चौकट असते. २००० सालापासून तिथे चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. त्या लाल गाडीच्या पुढच्या टायरवर होतं १४०३, म्हणजे २००३चा चौदावा आठवडा. आम्ही उभे होतो २०१४ मध्ये! नक्षी अगदी नव्यासारखी खोल. मी म्हणालो, टायर तर छान आहे. एक्स्टर्नलनी माझं बोट धरून रबरावर दाबलं. लाकूड! बाजूला केसासारख्या बारीक चिरा. रबर न झिजताही म्हातारं होतं, कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. मला त्या क्षणी वॉर्डनच्या ऑफिसमागची ती गाडी दिसली. आमचा टायर झिजलेला होता, हा न झिजलेला, पण दोन्हींचा शेवट एकाच वळणावर.

प्रश्न ४. तू कमावतेस किती, खर्च किती? इलेक्ट्रिकलवाल्यांनो, लक्ष द्या. १९९५ पर्यंतच्या एसटी ११००ला २८ अँपिअरचा अल्टरनेटर आहे, १९९६ पासून ४० अँपिअरचा. १४ व्होल्ट धरले तर एक ३९२ वॅट, दुसरा ५६० वॅट. गाडीचे दिवे, इग्निशन, पंखा हे आधी खाणार. वर थंडीत वापरायचं वीजेवर गरम होणारं जॅकेट आणि गरम मुठी जोडल्या की जुन्या अल्टरनेटरची दमछाक होते. तपासणी सोपी आहे, मल्टिमीटर हवा. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी. इंजिन तीनेक हजार फेऱ्यांवर नेऊन साडेतेरा ते साडेचौदा दिसावेत. लाल गाडीत हेडलाइट लावल्यावर दिसले १२.३! म्हणजे कमाई शून्य, बॅटरीची पुंजी मोडून संसार चाललेला. आणि एसटीचा अल्टरनेटर इंजिनच्या मागच्या बाजूला असा बसवलाय की तो काढायला मागचं चाक आणि स्विंगआर्म सोडवावा लागतो. सुटा भाग एकीकडे, मजुरीच गाडीच्या किमतीला भिडते.

प्रश्न ५. मान वळते का? पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवायचं. मधोमध 'टक्' असं अडकल्यासारखं वाटलं तर स्टिअरिंगच्या बेअरिंगमध्ये खड्डे पडलेत. सरळ रस्त्यावर वेगात गाडी मान हलवायला लागते ती बऱ्याचदा यामुळे.

प्रश्न ६. पोटात काय? टॉर्चनं टाकीच्या आत गंज बघायचा. ब्रेक ऑइलचा रंग बघायचा. फिकट असेल तर ठीक, चहासारखं असेल तर वर्षानुवर्षं बदललेलं नाही. फोर्कच्या नळीवर तेलाचा पट्टा आहे का, रेडिएटरच्या नळ्या दाबल्यावर कुरकुरतात का, खाली स्विंगआर्मला गंज आहे का, हे सगळं आडवं झाल्याशिवाय दिसत नाही. एसटीचे कॅमशाफ्ट दातेरी रबरी पट्ट्यावर फिरतात. त्या पट्ट्यालाही मैलांबरोबर वय असतं.

जर्नल पूर्ण आहे का?

लाल गाडीच्या मालकाकडे एकही बिल नव्हतं. घरी परतताना मी हिरमुसलो होतो. मैल तर कमी होते ना, असं मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो. एक्स्टर्नल म्हणाले, "किती चालली ते सगळेच विचारतात. किती वर्षं उभी राहिली ते विचारायला शिक."

विचार करा, यात किती इंजिनिअरिंग आहे! चालणाऱ्या गाडीचं झीज होणारं काम आपल्याला माहीत असतं. उभ्या गाडीत कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून चिकट थर राहतो, सील सुकतात, ब्रेकच्या पिस्टनला गंज धरतो, टायर कडक होतो, बॅटरी मरते. मीटर यातलं काहीच मोजत नाही.

दीड महिन्यानं दुसरी गाडी सापडली. १९९७ची, म्हणजे मोठ्या अल्टरनेटरची. मीटरवर ७८ हजार मैल. डाव्या पेटीला खरचटलेलं, रंग उडालेला, सीटला शिवण. मला ती मुळीच आवडली नाही. पण मालकानं कपाटातून एक वही आणली. अठरा वर्षांपूर्वी... नाही, बरोबर सतरा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी सुरू केलेली. प्रत्येक ऑइल, प्रत्येक टायर, व्हॉल्व्हच्या फटीचं प्रत्येक माप, तारीख आणि मैलांसकट. मागचं चाक काढलं की शाफ्टच्या स्प्लाइनला मोलिब्डेनमचं ग्रीस लावायचं असतं, ते न लावल्यास दाते झिजतात. वहीत प्रत्येक टायरच्या नोंदीपुढे तेवढंच एक वाक्य होतं: "स्प्लाइनला ग्रीस लावलं." एक्स्टर्नल त्या वाक्याकडे बघत राहिले आणि माझ्याकडे वळून फक्त मान हलवली.

मित्रहो, आपण रात्रभर जागून दुसऱ्याचं जर्नल उतरवतो ना? तशी नकली वही लगेच ओळखू येते, एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेली. या वहीत पेनं बदलत गेली होती, अक्षर म्हातारं होत गेलं होतं. २६०० डॉलर दिले, त्यावेळचे साधारण दीड लाख रुपये. गाडीपेक्षा वहीचे पैसे जास्त दिले असं मी आजही म्हणतो.

ग्रुपमध्ये काय शिकलो

पहिल्याच राइडला मी चढावरच्या पार्किंगमध्ये गाडी आडवी पाडली. थांबलेली गाडी, पाय टेकला तिथे उतार, आणि ३०० किलो कोणाचं ऐकत नाहीत. लाजेनं कान लाल झाले. कोणी हसलं नाही. एकानं इंजिन बंद केलं, दोघांनी गाडीकडे पाठ करून, गुडघ्यांच्या जोरावर ती उभी केली. मग प्रत्येकानं आपली गाडी कुठे पडली ते सांगितलं. नर्सबाईंची यादी सर्वांत लांब होती!

राइडचे नियम तिथे निघण्याआधी बोलून दाखवतात. टाकी भरून यायचं. रांगेत एक डावीकडे, एक उजवीकडे, समोरच्यापासून दोन सेकंदांचं अंतर. वळणांच्या रस्त्यावर मात्र एकामागे एक. मागचा दिसत नसेल तर पुढच्यानं फाट्यावर थांबायचं. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे आपली गाडी आपल्या वेगानं चालवायची, पुढच्याला गाठायला नाही. ड्रॅगनवर वेगमर्यादा ताशी ३० मैल आहे. पहिल्या वेळी मला मुद्दाम एक्स्टर्नलच्या मागे ठेवलं आणि त्यांनी ती मर्यादा शेवटपर्यंत पाळली. ३१८ वळणं झाल्यावर माझे हात थरथरत होते. तेवढ्या वेगातही!

वर्षातून दोनदा कोणाच्या तरी गॅरेजमध्ये 'टेक डे' असायचा. दहा-बारा गाड्या, एका टेबलावर सगळ्यांची हत्यारं, दुसऱ्यावर जेवण. चार कार्ब्युरेटर एका तालात आणायचं व्हॅक्यूम गेज प्रत्येकानं विकत घेण्यात अर्थ नाही, ग्रुपकडे एक असलं की पुरतं. तिथे मी व्हॉल्व्हची फट पहिल्यांदा स्वतःच्या हातानं मोजली. थिअरीत दहा मार्कांना लिहिली होती, हातानं कधीच नाही. जुनी गाडी एकट्यानं सांभाळणं महाग पडतं, चौघांत ती शाळा होते.

आपल्याकडे घ्यायची झाली तर

इथे मोह होणाऱ्यांसाठी थोडं कडू औषध. परदेशातली वापरलेली गाडी भारतात आणायला कडक अटी आहेत: आयातीच्या वेळी ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, आणि ती मुंबई बंदरातूनच यायला हवी. वर मोठी कस्टम ड्युटी. त्यामुळे १५-२० वर्षांची गाडी तिथून उचलून आणण्याचं स्वप्न सोडा. इथे आधीच रजिस्टर झालेली जुनी इम्पोर्टेड गाडी मिळत असेल, तर आर.सी. बुकासोबत आयातीचं बिल ऑफ एंट्री आणि ड्युटी भरल्याची पावती मागा. चासी आणि इंजिन नंबर स्वतः वाचा. दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आर.टी.ओ.ची एन.ओ.सी. हवी. १५ वर्षं झाली असतील तर रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण झालंय का ते बघा. काही पर्यटक 'कार्ने'वर गाडी आणतात. ती तात्पुरती आलेली असते, परत जायलाच हवी. "कागद मागून होतील" हे वाक्य ऐकलं की व्हायवा तिथेच संपली, निकाल नापास! चकचकीत गाडी जप्त झाली की पैसे परत द्यायला विकणारा सापडत नाही.

जाता जाता

तुमच्यापैकी बहुतेकांना एसटी ११०० घ्यायची नाही, मला माहीत आहे. पण येत्या मे महिन्यात मेसच्या दारात पुन्हा गाड्या लागतील. तेव्हा टॉर्च न्या, वर्कशॉपच्या सरांकडून मल्टिमीटर मागून घ्या, जमिनीवर आडवे व्हा. आणि आपल्यापेक्षा जास्त कळणारा, गाडीच्या प्रेमात न पडलेला एकजण सोबत न्या.

मागच्या दिवाळीत माझ्या त्या रूम पार्टनरचा फोन आला. मुलगा कॉलेजला जाण्याइतका मोठा अजून व्हायचाय, पण स्वतःसाठी सेकंडहँड गाडी बघत होता. फोटो पाठवला आणि विचारलं, "कशी वाटते रे?" फोटोत गाडी खरंच सुंदर होती.

मी लिहिलं, "आधी खाली वाक आणि टायरवरचे चार आकडे पाठव."